तिसरी घंटा

पाठ ११ • स्तर ४ (साधारण १२ वर्षांपासून पुढे)

वाचण्यापूर्वी

आधी या तीन प्रश्नांचा विचार करा. वर्गात बोला किंवा वहीत दोन ओळी लिहा.

१. तुम्ही कधी स्टेजवर उभं राहून मराठीत बोललात का? तेव्हा कसं वाटलं?
२. एका नाटकात समोर पाच नट दिसत असतील, तर पडद्यामागे किती माणसं असतील?
३. तुमच्या मराठीला कधी कोणी हसलं आहे का? (याचं उत्तर लिहायचं नसेल, तर नका लिहू. फक्त आठवा.)

आता पाठ वाचा. ठळक वाटणाऱ्या कठीण शब्दांचे अर्थ पाठाच्या शेवटी दिले आहेत.

घंटा कशासाठी?

मित्रांनो, मराठी नाटक सुरू होण्याआधी तीन वेळा घंटा वाजते. पहिली घंटा झाली की बाहेर उभे असलेले लोक घाईघाईने चहा आणि वडा संपवतात. दुसरी घंटा झाली की ते आत येऊन आपली खुर्ची शोधतात. तिसरी घंटा झाली की सभागृहातले दिवे मंद होतात, बोलणं थांबतं आणि पडदा उघडतो.

प्रेक्षकांसाठी ही घंटा म्हणजे मजा. पण पडद्यामागे, विंगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा! तिसरी घंटा ऐकली की त्याच्या पोटात गोळा येतो. पाठ केलेलं पहिलं वाक्य सोडून बाकी सगळं आठवतं. मला हे माहीत आहे, कारण त्या विंगेत मी बरेचदा उभा राहिलो आहे. आज मी दिवसभर कंप्युटरसमोर बसून कोड लिहितो आणि रविवारी तुम्हाला मराठी शिकवतो. पण माझी निम्मी मराठी मी नाटकात शिकलो, असं म्हटलं तरी चालेल.

आजच्या पाठात आपण मुलांच्या आणि तरुणांच्या नाटकाबद्दल वाचणार आहोत. मुलांना नाटकात कोणकोणत्या संधी मिळतात, त्या कुठे मिळतात, आणि स्टेजची भीती वाटत असेल तर काय करायचं, तेही बघू.

माझं एक वाक्य

मी सहावीत होतो. आमची मराठी माध्यमाची शाळा तालुक्याच्या गावी होती. दर हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन व्हायचं. त्याला आम्ही सगळे 'गॅदरिंग'च म्हणायचो. मैदानात मांडव पडायचा, लाकडी बाकं एकमेकांना बांधून स्टेज व्हायचं, वर सतरंजी. एक मुलगा या टोकाला आणि एक त्या टोकाला उभा राहून हाताने पडदा ओढायचा.

त्या वर्षी आमच्या वर्गाने ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. मला शिपायाचं काम मिळालं. माझ्या वाट्याला एकच वाक्य होतं : "महाराज, शत्रू वेशीपाशी आला!" वेस म्हणजे गावाच्या हद्दीवरचा दरवाजा. हे वाक्य मी पंधरा दिवस घोकलं. अंघोळ करताना, सायकल चालवताना, जेवताना. आईलाही ते पाठ झालं.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. मी धावत स्टेजवर गेलो, भाला आपटला आणि जोरात ओरडलो, "महाराज, वेशी शत्रूपाशी आली!"

सगळा मांडव हसला. महाराज हसले. पहिल्या रांगेत बसलेले हेडमास्तर हसले. मी कसाबसा विंगेत पळालो. आमच्या बाईंनी मला जवळ घेतलं नाही किंवा रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "झालं ना? चल, आता तो पडदा सांभाळ. पोरगं दमलंय तिकडे." मी पडदा ओढायला गेलो. पुढचा अर्धा तास मला तेच काम होतं आणि ते मी एकदम बरोबर केलं. कधी ओढायचा, कधी थांबायचं, सगळं. त्या रात्री घरी जाताना मी रडत नव्हतो. 'पुढच्या वर्षी पण पडदा मीच ओढणार,' असं मी आईला सांगत होतो.

तेच हसू, पण वेगळं

आता दुसरी गोष्ट. ही इथली आहे, आपल्याकडची.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी मुलांचं एक छोटं नाटक बसवलं. त्यात बारा वर्षांची एक मुलगी प्रधानाचं काम करत होती. तिचं नाव इथे सांगत नाही. तिचा जन्म इकडचाच. तिला 'ळ' नीट म्हणता येत नव्हता. तिचं वाक्य होतं, "महाराज, मला सगळं कळलं!" ती म्हणाली, "महाराज, मला सगलं कललं!"

'कळलं' म्हणजे समजलं. 'कललं' म्हणजे एका बाजूला झुकलं. तुम्हीच विचार करा, प्रधान महाराजांना सांगतोय की सगळं एका बाजूला झुकलंय! लोक हसले. अगदी प्रेमाने हसले, 'किती गोड बोलते!' असंही कोणीतरी मोठ्याने म्हणालं. मीही विंगेत उभा राहून हसलो.

नाटक संपलं. ती कपडे बदलून आली आणि मला इंग्रजीत म्हणाली की यापुढे मी कोणासमोरही मराठी बोलणार नाही. मी म्हटलं, "अगं, काही नाही होत. मीही लहानपणी चुकलो होतो," आणि तिला माझ्या शिपायाची गोष्ट सांगितली. तिने ती ऐकून घेतली. मग म्हणाली, "दादा, पण तुला मराठी येत नाही असं कोणाला वाटलं नसेल ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बरोबर बोलत होती. माझ्या गावात लोक माझ्या चुकीला हसले. मी मराठी आहे की नाही, हा प्रश्नच तिथे कोणाच्या मनात नव्हता. तिला मात्र वाटलं की लोक तिलाच हसले. ती 'आपल्यातली' नाही म्हणून हसले. हसू एकच, पण ते तिच्या अंगाला जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. ते वाक्य मी लिहिलं होतं. 'ळ' तिला जड जातो, हे मला तालमीतच माहीत होतं. "महाराज, मला समजलं!" एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मी तिला विचारलंच नाही.

पहिल्या नाटकात काय होतं?

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

१८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. मराठी रंगभूमीची सुरुवात इथून झाली, असं मानतात. म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस 'मराठी रंगभूमी दिन' म्हणून साजरा होतो.

या नाटकांची एक गंमत तुम्हाला आवडेल. त्यांत आजच्यासारखे लिहिलेले संवाद नसत! सूत्रधार पदं म्हणायचा, म्हणजे गाण्यातून गोष्ट सांगायचा. मग राम, सीता, राक्षस ही पात्रं पुढे येऊन आपापलं बोलणं आयत्या वेळी, स्वतःच्या शब्दांत बोलायची. आजच्या भाषेत आपण त्याला 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणतो.

म्हणजे मराठी नाटकाची सुरुवातच 'तुला जमेल तसं, तुझ्या शब्दांत बोल' अशी झाली आहे. हे मी पूर्वी वाचलं होतं, पण नाटक बसवताना मला ते आठवलं नाही.

मुलांसाठी नाटक

पूर्वी मुलांसाठी वेगळी नाटकं फारशी नव्हती. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केलं. त्यांचं पहिलं नाटक होतं 'मधुमंजिरी'. ते लिहिलं होतं रत्नाकर मतकरी यांनी. मतकरींनी पुढे मुलांसाठी खूप नाटकं लिहिली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकातली चेटकीण फार प्रसिद्ध आहे. आधी हे काम दिलीप प्रभावळकर करायचे. अनेक वर्षांनी तेच नाटक नव्याने आलं, तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना चेटकिणीची भीती वाटली होती का?

ही नाटकं राक्षस, राजकन्या आणि जादूची होती. मग १९८६ साली पुण्यात एक वेगळंच नाटक आलं : 'छान छोटे वाईट्ट मोठे'. जर्मनीतल्या बर्लिन शहरात 'ग्रिप्स' नावाचं मुलांचं थिएटर आहे. तिथली नाटकं मराठीत आणायचं काम डॉ. मोहन आगाशे यांनी सुरू केलं. डॉ. आगाशे अभिनेते आहेत आणि मनोविकारतज्ज्ञही आहेत, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर. 'छान छोटे वाईट्ट मोठे' मराठीत श्रीरंग गोडबोले यांनी आणलं.

ग्रिप्सच्या नाटकात मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात. पण गोष्ट असते आजच्या मुलांची : घरातली भांडणं, शाळेतली दादागिरी, 'मोठे आमचं ऐकत का नाहीत?' हा प्रश्न. मोठ्या माणसांनी मुलांच्या बाजूने जग बघायचं, हा त्यामागचा विचार. नाटकाचं नावच बघा ना! छान कोण आणि वाईट कोण?

'आव्वाज कुणाचा?'

मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली की त्यांना एकांकिका भेटते. एकांकिका म्हणजे एका अंकाचं छोटं नाटक. साधारण तासाभरात किंवा त्याहून कमी वेळात संपणारं.

महाराष्ट्रात कॉलेजांसाठी एकांकिकांच्या अनेक स्पर्धा होतात. त्यांतली खूप जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे पुण्याचा 'पुरुषोत्तम करंडक'. 'महाराष्ट्रीय कलोपासक' ही संस्था १९६३ पासून ती भरवते. स्पर्धेची पहिली फेरी साधारण ऑगस्टमध्ये, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात होते. पुढे सिनेमात आणि नाटकात नाव काढलेली कितीतरी माणसं आधी या स्टेजवर उभी राहिली आहेत.

पण खरी धमाल खुर्च्यांमध्ये असते. प्रत्येक कॉलेजची मुलं आपल्या नाटकाला पाठिंबा द्यायला येतात. एक जण ओरडतो, "अरे, आव्वाज कुणाचा?" आणि बाकीचे सगळे गळा फाटेपर्यंत आपल्या कॉलेजचं नाव घेतात. घंटा झाली की मात्र एकदम शांत!

मी इंजिनीअरिंगला असताना आमच्या कॉलेजनेही भाग घेतला होता. मी दिवे लावायला होतो. दोन महिने आम्ही रात्री अकरापर्यंत तालीम करायचो. वडापाव, चहा, भांडणं, पुन्हा तालीम. आम्ही अंतिम फेरीला गेलो नाही. निकाल ऐकून आमचा दिग्दर्शक पायरीवर बसून रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना फोन केला : "पुढच्या वर्षीचं ठरवूया का?"

या स्पर्धेची २०२२ सालची गोष्टही सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी अंतिम फेरी झाली, पण परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही, असं त्यांचं मत पडलं. त्यावरून खूप वाद झाला. काही म्हणाले, बरोबर केलं, दर्जा राखायलाच हवा. काही म्हणाले, मुलांनी इतके दिवस मेहनत केली, त्यांचा हिरमोड का करायचा? तुम्हाला काय वाटतं? या प्रश्नाकडे आपण स्वाध्यायात परत येऊ.

पडद्यामागची मंडळी

तुम्हाला स्टेजवर जायचं नसेल, तर नाटकात तुमच्यासाठी काम नाही, असं समजू नका. उलट तिथेच जास्त काम असतं.

लेखक नाटक लिहितो. नाटकाच्या लिखाणाला 'संहिता' म्हणतात. दिग्दर्शक कोणी कुठे उभं राहायचं, कसं बोलायचं, हे ठरवतो. नेपथ्य म्हणजे स्टेजवरचं घर, जंगल, राजवाडा. एक खुर्ची आणि एक खिडकी एवढंही नेपथ्य पुरतं. प्रकाशयोजना म्हणजे दिवे. पार्श्वसंगीत म्हणजे मागून येणारे आवाज आणि संगीत. वेशभूषा म्हणजे कपडे, रंगभूषा म्हणजे मेकअप. आणि विंगेत पुस्तक धरून बसलेला, नट विसरला की हळूच शब्द सांगणारा माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. त्याने वेळेवर शब्द दिला नाही, तर सगळ्यांचीच पंचाईत!

नाटक कसं बसतं? आधी सगळे गोल बसून संहिता वाचतात. त्याला 'वाचन' म्हणतात. मग पाठांतर. मग उभं राहून हालचाली. शेवटी 'रंगीत तालीम', म्हणजे कपडे, दिवे, संगीत सगळं घेऊन केलेली शेवटची तालीम. आमच्या ऑफिसात आम्ही सॉफ्टवेअर लोकांना देण्याआधी तपासतो ना, तसंच. रंगीत तालमीत सगळं बिघडतं. ते बिघडावं म्हणूनच ती करायची!

तुम्ही कुठे जाल?

आता तुमच्यासाठी काही वाटा. तुम्ही कुठे राहता, त्याप्रमाणे बघा.

आपलं मंडळ. सगळ्यात जवळची जागा हीच. गणेशोत्सव, दिवाळी, कुठेकुठे मराठी भाषा गौरव दिन. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. त्याचं अधिवेशन दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या शहरात भरतं आणि तिथे मुलांचे आणि तरुणांचे कार्यक्रमही होतात. आखाती देशांतल्या मंडळांमध्येही गणपतीच्या दिवसांत मुलांसाठी स्टेज असतं. फक्त 'तुला हे काम' असं कोणी सांगेपर्यंत थांबू नका. 'मला लाइट बघायचे आहेत' असं स्वतः जाऊन सांगा.

तुमची शाळा. अमेरिकेत बहुतेक हायस्कुलांमध्ये ड्रामा क्लब असतो. 'इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी' ही शाळेत नाटक करणाऱ्या मुलांची संस्था १९२९ पासून आहे. तिथे पडद्यामागे केलेलं कामही मोजलं जातं. लिहायची आवड असेल, तर 'स्कोलॅस्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स' आहेत. ही स्पर्धा १९२३ पासून चालू आहे आणि सातवी ते बारावीची मुलं तिच्यात भाग घेऊ शकतात. त्यात कविता आणि कथेबरोबर नाट्यलेखन हाही एक प्रकार आहे.

इंग्लंडमध्ये. 'नॅशनल युथ थिएटर' १९५६ साली सुरू झालं. ते १४ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. शिवाय 'नॅशनल थिएटर' दरवर्षी 'कनेक्शन्स' नावाचा उपक्रम करतं. त्यात मोठ्या लेखकांकडून तरुणांसाठी नवी नाटकं लिहून घेतात आणि शाळांचे, क्लबांचे गट ती सादर करतात. हे १३ ते १९ वयासाठी आहे.

भारतात सुट्टीला गेलात तर. मुलांची नाट्यशिबिरं तिकडच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात असतात. तुमची सुट्टी बहुतेक उशिरा सुरू होते, त्यामुळे शिबिर चुकतं. पण नाटक चुकवू नका. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर, दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, यांपैकी कुठेतरी आजीआजोबांबरोबर एक नाटक बघा. सगळे शब्द कळले नाहीत तरी चालेल. मध्यंतरात बटाटेवडा खा आणि आजोबांना विचारा, "तो असं का म्हणाला?" ऑगस्टमध्ये पुण्यात असाल, तर पुरुषोत्तमची एखादी फेरी बघा. तिथली मुलं तुमच्यापेक्षा फार मोठी नसतात.

मग पुढे काय झालं?

आता त्या मुलीची गोष्ट पूर्ण करतो.

पुढच्या वर्षी मी तिला काम दिलं नाही. तिच्या घरी गेलो आणि विचारलं, "या वर्षी नाटकात तुला काय करायला आवडेल?" ती म्हणाली, "काहीच नाही." मी म्हटलं, "ठीक आहे." निघताना दारात बूट घालत होतो, तेव्हा तिने विचारलं, "दादा, साउंड कोण करणार आहे?"

तिने साउंड केलं. दार वाजल्याचा आवाज, पाऊस, फोनची रिंग. तालमीला ती रोज यायची आणि कोपऱ्यात बसून सगळ्यांचे संवाद ऐकायची. महिन्याभरात तिला सगळ्यांचे संवाद पाठ झाले. कोणी अडखळलं की ती लॅपटॉपवरून मान वर न करता शब्द सांगायची. मराठीत.

त्याच्या पुढच्या वर्षी तिने एक छोटी संहिता लिहून आणली. गोष्ट अशी : आजी भारतातून व्हिडिओ कॉल करते. नात तिच्याशी बोलते, पण तिला शब्द सापडत नाहीत, म्हणून ती प्रत्येक वेळी फक्त "हो" म्हणते. आजीला वाटतं, सगळं छान आहे. नात मात्र शाळेत एकटी पडली आहे. नाटकातली नात अर्धं मराठीत आणि अर्धं इंग्रजीत बोलत होती. काही वाक्यांचं व्याकरण चुकलं होतं. मी पेन घेतलं आणि मग खाली ठेवलं. फक्त एवढंच विचारलं, "ही चूक नातीची आहे की तुझी?" तिने विचार केला. चार वाक्यं स्वतः दुरुस्त केली. बाकीची म्हणाली, "नातीची आहेत. राहू दे."

नाटक झालं. सगळ्यांना ते आवडलं, असं नाही. एक काका मला म्हणाले, "मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एवढं इंग्रजी कशाला?" त्यांचंही अगदीच चुकीचं नाही. ते मराठी टिकावी म्हणून म्हणत होते. पण त्या दिवशी नातीने तिसऱ्यांदा फक्त "हो" म्हटलं, तेव्हा सभागृहात कोणी हसलं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आईने आपल्या मुलाचा हात धरला.

ती मुलगी आता हायस्कूलमध्ये आहे. ती अजूनही स्टेजवर येत नाही. 'ळ' अजूनही कधी जमतो, कधी नाही. पण मंडळाचं साउंड तीच बघते, आणि तिसरी घंटाही तीच वाजवते.

शब्दार्थ

विंग – स्टेजच्या बाजूची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
मांडव – कार्यक्रमासाठी कापड, बांबू लावून केलेलं छप्पर
सतरंजी – जमिनीवर अंथरायचं जाड कापड
घोकणे – पाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणणे
तालीम – नाटकाचा सराव
सूत्रधार – नाटकाची गोष्ट पुढे नेणारा माणूस
आयत्या वेळी – आधी तयारी न करता, त्याच क्षणी
करंडक – स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळणारं मोठं बक्षीस
परीक्षक – स्पर्धेत कोण चांगलं, हे ठरवणारी व्यक्ती
तोडीचा – तेवढाच चांगला, बरोबरीचा
हिरमोड होणे – उत्साह जाणे, निराश होणे
पंचाईत होणे – अडचण होणे
मध्यंतर – नाटकाच्या मधली थोडी सुट्टी
अडखळणे – बोलताना मध्येच थांबणे

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तर द्या.
१. लेखकाला सहावीच्या नाटकात कोणाचं काम मिळालं होतं?
२. 'मराठी रंगभूमी दिन' कधी असतो?
३. 'ग्रिप्स' हे थिएटर मूळ कोणत्या शहरातलं आहे?
४. रंगीत तालीम म्हणजे काय?

आ) तीन-चार वाक्यांत उत्तर द्या.
१. लेखकाला लोक हसले आणि मुलीलाही लोक हसले. मग दोघांना वेगवेगळं का वाटलं?
२. मुलीच्या नाटकात लेखकाची स्वतःची चूक कोणती होती?
३. "ही चूक नातीची आहे की तुझी?" या प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

इ) 'ल' आणि 'ळ'. मोठ्याने वाचा. अर्थ कसा बदलतो ते बघा.
कळलं (समजलं) – कललं (झुकलं)
काळा (एक रंग) – काला (दहीहंडीचा प्रसाद)
गाळ (पाण्याखालचा चिखल) – गाल (चेहऱ्याचा भाग)
'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळवा, टाळूला लावा आणि झटकन खाली आणा. एका दिवसात नाही जमणार. रोज पाच वेळा करा.

ई) वाक्यात उपयोग करा.
१. भाग घेणे २. पोटात गोळा येणे ३. हिरमोड होणे ४. नाव काढणे

उ) वर्गात चर्चा करा.
२०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. वर्गात दोन गट करा. एक गट 'बरोबर केलं' म्हणेल, दुसरा 'चूक केलं' म्हणेल. प्रत्येकाने निदान एक कारण मराठीत सांगायचं. शब्द अडला तर इंग्रजी शब्द वापरा, पण वाक्य थांबवू नका.

ऊ) उपक्रम
दोन माणसांचा फोनवरचा संवाद लिहा. प्रत्येकाची चार वाक्यं. एक जण भारतात आहे, एक जण तुमच्या गावात. दोघांपैकी एक जण काहीतरी लपवतो आहे. पुढच्या रविवारी आपण तो वर्गात वाचू. तुम्हाला वाचायचं नसेल, तर दुसरं कोणीतरी वाचेल आणि तुम्ही घंटा वाजवा.

पालकांसाठी

मुलं घरी संवाद म्हणून दाखवतील तेव्हा चूक झाली तर लगेच थांबवू नका. आधी शेवटपर्यंत ऐका, मग एकच चूक सांगा. 'किती गोड बोलतो!' हे कौतुकही चारचौघांत जपून करा. आपल्याला ते कौतुक वाटतं, पण मुलांच्या कानाला ते कसं लागतं, हे त्यांनाच विचारलेलं बरं.